दिवाळीच्या पहाटे सोललेला चेहरा: रेटिनॉलचं एक प्रकरण

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दवाखाना उघडायच्या आधीच त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. वय 32, सांगलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका, घरी पाच वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. स्कूटीवर बांधतात तसा स्टोल चेहऱ्याला गुंडाळलेला होता. आत आल्यावर त्यांनी तो सोडला, पण ओढून काढला नाही. वरच्या ओठापाशी कापड चिकटलं होतं, तिथे दोन बोटांनी हळूहळू सोडवून घेतलं. ते बघतानाच माझं निम्मं निदान झालं होतं.

वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी त्वचा निघालेली, त्यावर पिवळसर खपली. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे लालसर, पापुद्रे सुटलेले. गाल मात्र वेगळेच दिसत होते: ताणलेले, चकचकीत, जणू वर पातळ प्लास्टिक बसवलंय. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या पडलेल्या, कोरडेपणाच्या. आणि दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी छटा धरू लागलेली. "साधं पाणी लागलं तरी झोंबतंय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "काल ओवाळून घ्यायला भाऊ आला, तर त्याने आधी विचारलं की तोंडाला काय झालं."

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. तोवर चेहरा उजळावा, गालावरची उघडी रंध्रं कमी व्हावीत, एवढीच इच्छा. गणपती उठल्यावर त्यांनी ऑनलाइन एक सीरम मागवलं. रेटिनॉल, 1 टक्का.

मी पर्समधून सगळ्या बाटल्या टेबलावर काढायला सांगितल्या. पेशंट तोंडी सांगतात त्यात नेहमी एकदोन गोष्टी राहतात, म्हणून बाटल्या बघायचा माझा आग्रह असतो. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, दिवसातून दोनदा. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा टोनर, रात्री (दोन्ही अ‍ॅसिडं त्वचेचा मृत थर झडवणारी). त्यावर लगेच रेटिनॉलचे चार थेंब, रोज रात्री, पहिल्या दिवसापासून, डोळ्यांखालीही. सकाळी व्हिटॅमिन सी. मॉइश्चरायझर नाही, कारण "त्वचा तेलकट आहे ना माझी." सनस्क्रीन नाही, कारण सकाळी सातला निघतात तेव्हा ऊन नसतं आणि परतताना स्टोल असतो.

सर्वांत शेवटी पर्सच्या चेनच्या कप्प्यातून एक न उघडलेली ट्यूब निघाली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

सहा आठवड्यांचा हिशोब

पहिले चार दिवस काहीच झालं नाही, उलट चेहरा गुळगुळीत लागला. दुसऱ्या आठवड्यात नाकाशेजारी पापुद्रे सुटायला लागले. तिसऱ्या आठवड्यात आंघोळ झाली की गाल चरचरायचे. त्यांनी मोबाइलवर शोधलं, तर सगळीकडे एकच उत्तर: हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर पडतेय, थांबू नका, थांबलात तर सगळी मेहनत वाया. त्या थांबल्या नाहीत.

वसुबारसेच्या दिवशी पार्लरमध्ये वरच्या ओठाचं वॅक्स केलं. पट्टी ओढली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, रक्ताचे दोन बारीक ठिपके दिसले. मग नरकचतुर्दशीची पहाट. आईने दरवर्षीप्रमाणे घरीच केलेलं उटणं पाठवलं होतं: मसूर डाळ, संत्र्याची साल, नागरमोथा, गव्हला कचोरा, जरा जाडसर दळलेलं. अंगाला तेल लावून झाल्यावर त्यांनी चेहऱ्यालाही उटणं लावलं आणि नेहमीपेक्षा जास्त चोळलं, कारण सुटलेले पापुद्रे निघून जावेत असं वाटलं. ते निघालेही, पण सोबत खालची जिवंत त्वचाही निघाली.

यात उटण्याचा दोष नाही, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या आईला फार वाईट वाटत होतं. दोनदा फोन येऊन गेला होता. तेच उटणं त्याच चेहऱ्याला मागची तीस वर्षं सोसलं होतं. या वर्षी चेहरा सोसायच्या स्थितीत नव्हता.

असं का झालं, हे समजायला रेटिनॉल त्वचेत काय करतं ते बघावं लागेल. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत गेल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक अ‍ॅसिड, आणि हे शेवटचं रूपच खरं काम करतं. पेशीच्या केंद्रकात शिरून ते थेट जनुकांना हुकूम देतं: नव्या पेशी लवकर तयार करा, जुन्या मोकळ्या करा, खालच्या थरात कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, बांधा. हुकूम सगळ्यांना एकदम मिळतो, कामं मात्र वेगवेगळ्या वेगाने होतात. वरचा मृत पेशींचा थर काही दिवसांतच विरळ आणि सैल होतो. कोलॅजन बांधायला महिने लागतात. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे असे येतात की तोटा दिसतो आणि फायदा अजून दिसत नाही. एरवी वॅक्सच्या पट्टीबरोबर केस आणि थोडा मृत थर जातो. या काळात सैल झालेल्या थरासोबत त्याच्या खालचा थरही उपटून येतो. पार्लरमधल्या मुलीने "काही क्रीम लावता का" एवढं विचारलं असतं, किंवा बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तर ही जखम झाली नसती.

आता पर्जिंगबद्दल. ही गोष्ट खोटी नाही. ज्यांना मुरुमं येतात त्यांच्या रंध्रांत आधीपासून दडलेल्या बारीक गाठी रेटिनॉलमुळे लवकर वर येतात, त्यामुळे पहिले काही आठवडे मुरुमं वाढल्यासारखी वाटतात आणि मग ओसरतात. पण ती मुरुमं असतात, आणि नेहमी येतात त्याच जागी येतात. आग होणं, पाणी झोंबणं, नाकाच्या कडेला सोलणं, डोळ्यांखाली सुरकुत्या पडणं, हे पर्जिंग नव्हे. ही त्वचा भाजल्यासारखी झाल्याची खूण आहे. या बाईंना आयुष्यात कधी मुरुमं आलीच नव्हती. पर्ज व्हायला आत काही नव्हतंच. या एका शब्दामुळे त्यांनी तीन आठवडे जास्त सोसलं, आणि असं सोसून येणाऱ्या मुली मी दर महिन्याला बघते. त्या शब्दाचा मला खरोखर राग येतो.

आपल्या रंगाचं गणित

युरोपातल्या गोऱ्या बाईला रेटिनॉलची आग झाली तर लाली येते, थांबल्यावर जाते, ती पुन्हा सुरू करते. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगपेशी जास्त तत्पर असतात. कुठेही दाह झाला की त्या रंग ओततात. डास चावला, मुरुम फुटलं, कढईतलं तेल उडालं, सगळ्याचा डाग मागे राहतो. रंग वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका पडतो. दाह खोल गेला आणि रंग खालच्या थरात उतरला, तर राखाडी, निळसर छटा येते आणि ती वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून आपल्याकडे रेटिनॉल वापरताना लक्ष ठेवायचं ते दाह होऊ न देण्यावर. "थोडं जळलं म्हणजे काम करतंय" हा समज आपल्या त्वचेसाठी थेट नुकसानीचा आहे. डाग जावेत म्हणून लावलेल्या औषधाने डाग द्यावेत, हे त्यांच्या गालाच्या हाडांवर मला स्पष्ट दिसत होतं.

टक्क्यांचंही असंच. 1 टक्का जास्त म्हणून लवकर गुण, असं त्यांना वाटलं होतं. युरोपियन युनियनने 2024 मध्ये नियम करून चेहऱ्याला लावून ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा 0.3 टक्के ठरवली. त्यामागचं मुख्य कारण शरीरात जाणाऱ्या एकूण अ जीवनसत्त्वाचा हिशोब हे आहे, पण सुरुवात करणाऱ्या माणसासाठी तो आकडा मला एरवीही योग्य वाटतो. मिशिगन विद्यापीठातल्या एका अभ्यासाचं उदाहरण मी पेशंटना नेहमी देते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 36 वृद्धांच्या दंडाच्या आतल्या बाजूला 0.4 टक्के रेटिनॉलचं लोशन लावलं, आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा, 24 आठवडे. सरासरी वय 87. त्या वयातही बारीक सुरकुत्या कमी झाल्या. एक टक्का नव्हता, रोजचा मारा नव्हता. सहा महिने मात्र दिले होते.

ती न उघडलेली ट्यूब

डाग दिसू लागल्यावर त्या मेडिकलमध्ये गेल्या होत्या. तिथून चिठ्ठीशिवाय मिळाली ती रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ट्यूब. दुकानाचं नाव मी विचारलं नाही. अशी दुकानं गावोगावी आहेत. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच रेटिनॉइक अ‍ॅसिड, थेट तयार रूपात, रेटिनॉलपेक्षा कितीतरी प्रबळ. मोमेटासोन हे स्टेरॉइड. त्या रात्री ही ट्यूब लावली असती तर स्टेरॉइडमुळे आग दोन दिवसांत थांबली असती, चेहरा आठवड्यात उजळला असता, बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं असतं. आणि मग ट्यूब थांबवली की चेहरा लाल भडक, पुरळ, आग, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत गालांवर लाल शिरांचं जाळं आणि पातळ कागदासारखी त्वचा. असे चेहरे मी बघितलेत, त्यांत आई आणि मुलगी एकच ट्यूब वापरणाऱ्याही होत्या. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली. तरी ट्यूब मिळते. असं तिहेरी मलम योग्य पेशंटला, ठरावीक आठवड्यांपुरतं, डॉक्टरांच्या नजरेखाली उपयोगी पडतं हे खरं. पण ते काउंटरवर गोरेपणाचं क्रीम म्हणून विकायची चीज नव्हे. ती ट्यूब मी माझ्याकडे ठेवून घेतली.

काही न लावण्याचे उपचार

टेबलावरच्या सगळ्या बाटल्या मी पिशवीत भरून परत दिल्या आणि दोन महिने हात लावू नका म्हणून सांगितलं. साधा, फेस न करणारा क्लेन्झर, तोही संध्याकाळी एकदा. सकाळी नुसतं पाणी. सेरामाइड आणि ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून तीनचार वेळा. वरच्या ओठाच्या जखमेवर पेट्रोलियम जेली, खपली न काढता. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन फक्त पाच दिवस. कुठल्या तारखेला थांबायचं ते मी ट्यूबवर पेनने लिहून दिलं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, कारण बाकीची त्या अवस्थेत झोंबली असती.

स्टोलबद्दल वेगळं बोलावं लागलं. तो सिंथेटिक होता, घट्ट बांधलेला, आठवड्याने धुतलेला. घाम, धूळ आणि घर्षण रोज तासभर त्याच गालांवर. मऊ सुती, सैल, रोज धुतलेला वापरा म्हटलं. आणि स्टोल आहे म्हणून सनस्क्रीन नको असं नाही. पातळ कापडातून ऊन आत येतंच, शिवाय शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला स्टोल नसतो.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. "डागांवर काहीच नाही?" त्यांच्या आवाजात निराशा होती आणि ती मला समजत होती. लग्न पाच आठवड्यांवर होतं. मी सांगितलं की पाच आठवड्यांत डाग जाणार नाहीत, पण सोललेली त्वचा भरून येईल आणि तिच्यावर हलका मेकअप बसेल. आता डागांवर काही लावलं तर तेही होणार नाही.

दहा दिवसांनी झोंबणं थांबलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला वरचा ओठ पूर्ण भरला, तिथे तपकिरी पट्टा राहिला. लग्नात त्यांनी मेकअप केला, फोटो मला दाखवले. गालावरचा डाग दिसत होता. "पण हसताना दुखलं नाही," असं त्या म्हणाल्या.

पुन्हा सुरुवात

रेटिनॉलबद्दल त्यांच्या मनात आता भीती बसली होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी मात्र ते पुन्हा सुरू करावं या मताची होते. हीच गोष्ट नीट वापरली तर डाग उतरायला मदत करते. त्वचेतला रंग लवकर झडून जातो आणि पोतही सुधारतो. अमेरिकेत ट्रेटिनॉइन 1971 पासून मुरुमांसाठी औषध म्हणून मान्य आहे. ते वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांनीच त्वचा मऊ झाल्याचं, सुरकुत्या कमी झाल्याचं सांगितलं आणि तिथून पुढचं संशोधन सुरू झालं. ते घडवणारे फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन, त्यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले, ही त्या इतिहासाची काळी बाजू. हे औषध हातात घेताना मला तीही आठवते. मुद्दा हा की अर्ध्या शतकाहून जास्त अनुभव पाठीशी असलेलं हे रसायन आहे. ते वाईट नव्हतं, घाई वाईट होती.

संक्रांतीनंतर सुरुवात केली. 0.2 टक्क्यांचं क्रीम, मंगळवार आणि शुक्रवार, फक्त रात्री, कारण उजेडात ते निकामी होतं. वार ठरवून दिले की माणूस मधेच उत्साहाने लावत नाही. चेहरा धुऊन, पुसून, वीस मिनिटं थांबायचं. ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त चावतं. आधी मॉइश्चरायझरचा थर. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे पेट्रोलियम जेलीने झाकून घ्यायचे. मग मटारच्या एका दाण्याएवढं क्रीम, सबंध चेहऱ्याला मिळून तेवढंच: कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरायचं. डोळ्यांखाली नाही. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. मी तो दाणा त्यांच्या बोटाच्या पेरावर काढून दाखवला. त्या बघतच राहिल्या. याआधी त्या याच्या चौपट लावत होत्या.

वॅक्स चेहऱ्यावर बंद. भुवयांचं थ्रेडिंग करायचं तर आधी पाच दिवस क्रीम नाही. स्क्रब, ब्लीच, फेशियल, लिंबू काही नाही. सनस्क्रीन रोज, दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि आता आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत. नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही आपल्याकडचे डाग गडद होतात आणि तो उजेड हे थोपवतं.

फेब्रुवारीभर नाकाशेजारी किंचित कोरडेपणा, बाकी काही नाही. मार्चच्या शेवटी, पाडव्याच्या आसपास आल्या तेव्हा गालांवरचा तपकिरी डाग निम्म्याहून फिका होता. मी त्यांना खिडकीपाशी उभं करून नोव्हेंबरच्या फोटोशी ताडून बघितलं. आठवड्यातून तीनदा करायला हरकत नव्हती. तसं लिहूनही दिलं.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "डॉक्टर, आम्ही आता दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. हे चालेल ना?"

हा प्रश्न मी जानेवारीतच विचारायला हवा होता. पहिल्या भेटीत सगळ्या बाटल्या विचारल्या, पार्लर विचारलं, स्टोल विचारला. हे विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वयाच्या खाली एक ओळ छापून घेतली आहे.

मी त्यांना परत बसवलं आणि रेटिनॉल त्याच दिवशी बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावर लगेच धास्ती दिसली, म्हणून नीट समजावून सांगितलं. याच कुळातलं आयसोट्रेटिनॉइन मुरुमांसाठी पोटात घेतात. ते गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, यात काहीच शंका नाही. त्वचेवर लावलेल्या रेटिनॉलचा रक्तात जाणारा अंश फारच थोडा असतो, आणि आजवर ते लावल्याने बाळाला इजा झाल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. पण केवळ चेहऱ्यासाठी ती जोखीम का घ्यायची? म्हणून गर्भधारणेचा विचार सुरू झाला की थांबायचं, आणि चुकून लावलं गेलं असेल तर घाबरून काही भलतं करायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. आतापर्यंत त्यांनी आठवड्यातून दोनदा लावलेल्या मटारच्या दाण्याने काही बिघडलेलं नव्हतं.

बदली म्हणून अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड दिलं, गरोदरपणात चालणारं. डागांवर त्याचं कामही चांगलं असतं. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर तसंच. राहिलेली 1 टक्क्याची बाटली बहिणीला देऊ का, असं त्यांनी जाताना विचारलं. बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं. मी नको म्हटलं.

ऑगस्टमध्ये त्या आल्या तेव्हा चौथा महिना चालू होता. गाल स्वच्छ. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला मात्र पुसटसा तपकिरी पट्टा आहे. तो वॅक्सच्या जखमेचा उरलेला डाग असेल, किंवा गरोदरपणात येणाऱ्या वांगाची सुरुवात. वांग बहुधा दोन्ही बाजूंना येतो आणि उजवी बाजू पूर्ण निवळली आहे, म्हणून मला दुसरी शक्यता कमी वाटते, पण वेगळं काही सुरू केलेलं नाही. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा खिडकीपाशी उभं करून बघायचं ठरलंय.